अंबूबाईच्या माहेरचं

गुरुवारी दुपारी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दवाखान्याचा जिना उतरल्यापासून रुद्राप्पा मगदूमाचं बोलणंच खुंटलं होतं. शिरोळात त्याच्या गॅरेजात ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत असलं तरी मालकाचाच आवाज रस्त्यापर्यंत जातो, अशी ख्याती. तो सत्तर वर्षांचा गडी तीन दिवस नुसत्या 'व्हय' आणि 'न्हाय'वर भागवत होता.

"आलं का रक्ताचं?" अंबूबाईनं त्याच संध्याकाळी विचारलं होतं.

"न्हाय अजून," म्हणून त्यानं दोन पाकिटं बंडीच्या आतल्या खिशात ढकलली होती. एक त्याचं, फोडलेलं. दुसरं तिच्या नावाचं, बंद.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या लेकीला, प्रेरणाला, छातीत गाठ लागली. कॅन्सर निघाला. वय एकोणचाळीस. राजारामपुरीत तिचे गणिताचे क्लास जोरात चाललेले, घरी नवरा आणि बारा वर्षांची मुलगी. ऑपरेशन झालं, केमो झाली, मशीनखालचे शेक झाले. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर हा आजार झाला तर तो घराण्यातून आलाय का ते बघायला हवं. बघितलं. तिच्या रक्तात एका जनुकात जन्मापासूनच बिघाड होता. म्हणजे तो आईकडून आला असणार, नाहीतर वडिलांकडून. कुठल्या बाजूनं आला ते कळलं की त्या बाजूच्या बाकीच्या माणसांना वेळेवर सावध करता येणार होतं. म्हणून नवराबायको दोघांनीही रक्त दिलं होतं.

नातेवाइकांत मात्र रक्त न तपासताच निकाल लागला होता. अंबूबाईची थोरली बहीण गौरव्वा गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेली होती, तेवढं पुरेसं होतं. प्रेरणाच्या ऑपरेशनच्या दिवशी रुद्राप्पाची मोठी बहीण शांतव्वा दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "हे अंबूच्या माहेरचं हाय. आमच्या घराण्यात असलं काय न्हाई."

तेव्हा अंबूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं होतं. रुद्राप्पानं स्वतःच्या चपलांकडं.

तसं हे नवीन नव्हतं. मुलगा बसवराज याचा दमा अंबूबाईच्या माहेरचा. प्रेरणाचा सावळा रंग माहेरचा. एका साली म्हैस आटली, तर तीसुद्धा अंबूबाईच्या भावानं दिलेली निघाली. बेचाळीस वर्षं हे चालू होतं आणि बेचाळीस वर्षं रुद्राप्पा, गावभर ओरडणारा माणूस, बहिणीपुढं गप्प होता. आई लवकर गेली, तेव्हा शांतव्वानंच त्याला वाढवलं होतं. तिला उलट बोलायला त्याची जीभ रेटत नसे.

आज रविवार होता. प्रेरणाचे उपचार संपले म्हणून घरी जेवण ठेवलं होतं. दारात मांडव घातलेला. प्रेरणा सकाळीच आली. डोक्यावर बोटभर कुरळे केस उगवले होते. जन्मभर सरळ केस असलेली पोर आता कुरळी झाली, यावरून गल्लीतल्या बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवून फिरवून हसत होत्या. रुद्राप्पानंही एकदा फिरवला. मऊ लागलं. डोळे भरून येतायत असं वाटताच तो आचाऱ्यावर उगीचच खेकसला.

गुरुवारी दवाखान्यात त्याचा कागद प्रेरणानंच वाचून दाखवला होता. ती त्याला मांडवाच्या कडेला घेऊन गेली. "आप्पा, आईला सांगितलं?"

"सांगतो की."

"तीन दिवस झाले. आज शांतव्वाआत्या येणार हाय, तिची महादेवीअक्का येणार हाय. त्यांना कळलंच पायजे. आणि आईला त्यांच्या आधी."

"सांगतो म्हटलं न्हवं!"

"ओरडा, हरकत न्हाई. पण जावा."

तो परसात गेला. तिथं तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात खपली गव्हाची खीर रटरटत होती. आचारी असला तरी खीर अंबूबाई दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. पदर खोचून, लांब दांड्याचा डाव धरून ती ढवळत होती.

"अंबू."

"लांब उभं ऱ्हावा. उडतंय."

"रक्ताचं आलंय."

डाव थांबला नाही. "कवा?"

"गुरुवारी."

"आणि आज सांगताय." तिनं मान वर केली नाही. "म्हंजे माझंच हाय. मला ठावं हुतं. सांगा जावा शांतव्वाअक्कांस्नी. पंगतीतच सांगा. सगळ्यांनी एकदाच ऐकलं म्हंजे सुटलो."

"अगं, तुझं न्हाय." रुद्राप्पाचा आवाज चिरकला. "माझं हाय. माझ्याकडनं गेलंय पोरीला."

आता डाव थांबला. अंबूबाईनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. त्यानं बंद पाकीट पुढं केलं. तिचे हात गुळानं चिकट झालेले. तिनं हाक मारली, "प्रेरणाऽ, हिकडं ये."

प्रेरणानं पाकीट फोडलं, इंग्रजी कागद डोळ्यांखालून घातला आणि म्हणाली, "आई, तुझ्यात न्हाई. काहीच न्हाई."

"पुन्हा वाच."

"तुझ्यात तो बिघाड न्हाई."

"गौरव्वाक्काचं?"

"मावशीचा आजार वेगळा हुता. त्याचा ह्याच्याशी संबंध न्हाई."

"पुन्हा एकदा वाच."

प्रेरणानं पुन्हा वाचलं. अंबूबाईनं डाव पातेल्यात सोडला, शेजारच्या लाकडाच्या ओंडक्यावर बसली आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मग मोठ्यानं. हसता हसता पदर तोंडावर गेला आणि पदराआडून वेगळाच आवाज येऊ लागला. प्रेरणा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रुद्राप्पा कागद धरून उभा.

"बघताय काय?" पदराआडूनच अंबूबाई म्हणाली. "खीर खाली लागंल. ढवळा!"

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा रुद्राप्पा मगदूमानं खीर ढवळली. वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला.

डोळे पुसून अंबूबाई उठली. "अक्कांस्नी कोण सांगणार?"

"मीच सांगणार."

"चपलाकडं न बघता?"

रुद्राप्पानं मान खाली घातली, मग आठवून वर केली. "न बघता."

"मग मी अक्कांच्या समोर बसणार. मला तोंड बघायचं हाय त्यांचं." असं म्हणताना तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

बाराच्या सुमाराला शांतव्वा आली. सदलग्याहून, सीमेपलीकडून, लेकीच्या गाडीतनं. शहात्तरीची बाई, पण गाडीतून उतरताना कुणाचा हात घेतला नाही. "येनो रुद्रा, हेंग अदी?" अशी कानडीत भावाची खुशाली विचारली आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता प्रेरणाला समोर उभी करून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. "गेलं सगळं. आईकडनं आलतं, ते गेलं. आता आमचं रक्त वर आलं बघ. केससुदिक माझ्यासारखं कुरळं झालं!"

मागं उभी असलेली तिची लेक महादेवी कानकोंडी झाली. महादेवी अठ्ठेचाळीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. प्रेरणा आजारी असताना दर शनिवारी न चुकता यायची आणि आल्यावर हळूच, आई ऐकणार नाही अशा बेतानं, त्या तपासणीबद्दल विचारायची.

पंगत बसली. खीर, वांग्याची भरली भाजी, ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही. अंबूबाईनं ठरवल्याप्रमाणं शांतव्वाच्या समोरचा पाट धरला. प्रेरणाचा नवरा सम्राट तुपाची वाटी घेऊन फिरत होता. शांतव्वानं पहिला घास घेतला तोच रुद्राप्पा उठून उभा राहिला.

"अक्का. मला काय तरी सांगायचं हाय."

"जेवल्यावर सांग."

"न्हाय. आत्ताच. न्हाईतर पुन्हा हुणार न्हाई माझ्यानं." त्यानं समोर बघितलं. बहिणीच्या चेहऱ्याकडं, सरळ. "प्रेरणाचं दुखणं माझ्याकडनं आलंय. अंबूच्या माहेरचं न्हाय. आपल्या घरचं हाय. मगदूमांचं. कागद आलाय."

वाढपी होता तिथंच थांबला.

"मशीन चुकलं असंल," शांतव्वा म्हणाली.

"न्हाय चुकलं, आत्या," प्रेरणा म्हणाली.

"बाटल्या बदलल्या असतील. गर्दी असती तिथं."

"अक्का, तुझ्यातबी असंल, न्हाईतर नसंल. निम्मं-निम्मं हाय ते. महादेवीचंबी बघायला पायजे. बघितलं तर लवकर कळतंय, लवकर कळलं तर माणूस वाचतंय. ही बघ की, समोर बसलीय."

"मी बघणार मामा," महादेवी एकदम म्हणाली. इतकं मोठ्यानं, की तिची तीच दचकली. "मला बघायचंच हुतं."

"तू काय बघणार न्हाईस!" शांतव्वानं पानावर हात आपटला. "तुझ्या पोरीचं लगीन इचलकरंजीत ठरत आलंय. ह्यांच्या घरात कॅन्सर हाय असं कुणाच्या कानावर गेलं तर? कोण करील तिला? अं? कागद फाडून टाक, रुद्रा. जे गेलं ते गेलं. बिडो." जाऊ दे, असं कानडीत म्हणून ती उठली. घास तसाच पानात. हात न धुताच अंगण ओलांडून ती गाडीत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं.

महादेवी रडत होती, पण उठली नव्हती. आणि रुद्राप्पाला बायकोचा चेहरा दिसला. बेचाळीस वर्षांनी हाती आलेला घास, आणि ती तो गिळत नव्हती. अंबूबाई उठली. एका वाटीत खीर घेतली, वर तूप सोडलं आणि गाडीकडं निघाली. रुद्राप्पा मागोमाग गेला आणि मांडवाच्या खांबाशी थांबला.

अंबूबाईनं गाडीचं दार उघडलं, शांतव्वाला आत सरकवलं आणि शेजारी बसली. दार उघडंच राहिलं.

"अक्का, मला आज तुमचं तोंड बघायचं हुतं," ती म्हणाली. "सकाळधरनं वाट बघत हुतो मी. आता बघितलं. न्हाई आवडलं मला."

शांतव्वा काचेतून पलीकडं बघत राहिली.

"तुम्ही मला बेचाळीस वर्षं म्हणालासा. मी तुम्हाला एकदाबी म्हणणार न्हाई. शपथ हाय. पण महादेवीला तपासायला न्यायचं. माझी पोर टक्कल घेऊन आरशासमोर बसायची, ते मी बघितलंय. तुम्हाला ते बघायला लागू ने."

मग शांतव्वा बोलली. बहिणीचा असा आवाज रुद्राप्पानं कधी ऐकला नव्हता, बारीक, लांबून येणारा.

"दानव्वाआत्या ठावं हाय तुला?"

"नाव ऐकलंय. तापानं गेली म्हणं."

"ताप न्हवता. छातीला जखम हुती तिच्या. लुगड्याच्या आत फडकी बांधायची. मी अकरा वर्षांची. फडकी धुवायला नदीला मीच जायची, म्हंजे कुणाला संशय नको. चौतिसाव्या वर्षी गेली. आमच्या अप्पांनी मला देवासमोर उभं केलं. म्हणालं, भाईर बोललीस तर तुझं लगीन हुणार न्हाई, पुढं तुझ्या पोरींचंबी न्हाई." ती थांबली. "पासष्ट वर्षं झाली, अंबू. मला ठावं हुतं. म्हणूनच तुझ्यावर ढकलत हुतो. तुझ्यावर ऱ्हायलं म्हंजे माझ्या पोरीवर येणार न्हाई, असं वाटायचं."

रुद्राप्पानं खांब घट्ट धरला. दानव्वाआत्याच्या खांद्यावर बसून आपण जत्रेला गेलो होतो एवढंच त्याला आठवत होतं. तो तेव्हा पाच वर्षांचा होता.

अंबूबाई रागावेल असं त्याला वाटलं. रागावलीही. "लई वंगाळ केलंसा, अक्का," ती म्हणाली. "लई." आणि खिरीची वाटी शांतव्वाच्या हातात ठेवली. "आता खावा. गार झाली की दाटती."

शांतव्वानं खाल्ली. मग नाक ओढत, जराशी पूर्वीसारखी होत म्हणाली, "गूळ जास्त पडलाय."

"तुमच्या भावानं ढवळलीय."

आणि गाडीत दोघी हसल्या. त्या हसण्यानं मांडवातली पंगत पुन्हा जेवायला लागली.

पुढच्याच गुरुवारी गॅरेजच्या जीपमधून सगळे राजारामपुरीत उतरले. रुद्राप्पा, अंबूबाई, शांतव्वा, महादेवी, प्रेरणा आणि ऑफिस बुडवून आलेला बसवराज. जनुकांबद्दल समजावून सांगणारी मुबशिरा बागवान, तिशीतली हसरी मुलगी, एवढी माणसं बघून बाहेरच्या खुर्च्या आत ओढू लागली.

"रक्त घ्यायच्या आधी मला तुमच्या घराण्याचं झाड काढायला लागंल," ती म्हणाली. "पुरुष म्हंजे चौकोन, बायका म्हंजे गोल. जितक्या मागं जाता येईल तितकं जाऊ."

रुद्राप्पानं तयारी करून आणली होती. वंशावळ सांगत गावोगाव फिरणाऱ्या गुंडू हेळव्याला त्यानं फोन लावला होता. गुंडूनं त्याच्या वहीतून मगदूमांच्या सात पिढ्या घडाघडा सांगितल्या आणि रुद्राप्पानं त्या लिहून घेतल्या होत्या. मुबशिरानं कागद बघितला. "सगळे चौकोनच हायत की! लेकी कुठं हायत?"

"ते मी विचारलं," रुद्राप्पा ओशाळून म्हणाला. "दिलेल्या लेकी त्याच्या वहीत नसतात म्हणाला."

"माझ्याकडं हायत," शांतव्वा म्हणाली.

आणि ती सांगू लागली. दानव्वाआत्या, चौतीस, छाती. तिची थोरली बहीण बाळव्वा, पन्नाशीच्या आत, पोट फुगून गेली. आज्जाची बहीण निंगव्वा, तिलाही छातीचंच, पण मूठ मारली असं सांगितलेलं. चुलतआत्या सत्यव्वा मात्र नव्वद वर्षं जगली, दात शाबूत. कुणाला किती पोरं, कुठं दिली, कशानं गेली. एकही नाव अडलं नाही. मुबशिरा गोल काढत होती, काही गोल काळे करत होती. कागद संपला तशी तिनं दुसरा जोडला.

"आज्जी, एवढी माहिती मला कुणीच दिली न्हवती आजपर्यंत."

"कुणी इचारलंच न्हाई बाई मला," शांतव्वा म्हणाली, आणि हात पुढं केला. "घे आता रक्त. पण सुई बारीक घे."

बाकीच्यांचं रक्त घेईपर्यंत रुद्राप्पा बाहेर बाकड्यावर प्रेरणाशेजारी बसला. घरात जे आठवडाभर जमलं नव्हतं ते तिथं, रिक्षांच्या आवाजात, त्याच्या तोंडून निघालं. "माझ्यामुळं झालं तुला."

"आप्पा, तुम्ही काय मुद्दाम दिलंय?"

"दिलं तर खरं."

"आवाजबी तुम्हीच दिलाय. वर्गात सत्तर पोरं एका हाकेत गप बसतात, ती काय माझ्या गणितामुळं बसत्यात व्हय?" तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "आणि कळलं म्हणून तर सगळे आलेत. माझी पोरगी मोठी झाली की तिचं ती ठरवंल, बघायचं का न्हाई. तिला फडकी लपवायला लागणार न्हाईत."

रुद्राप्पानं रुमाल काढला आणि इतक्या जोरात नाक शिंकरलं की जाणारा रिक्षावाला वळून बघू लागला.

निकाल चौथ्या आठवड्यात आले. मुबशिरानं एकेकाला वेगवेगळं आत बोलावून सांगितलं, पण बाहेर येऊन कुणीच गप्प राहिलं नाही. बसवराजकडं ते होतं. तो रुद्राप्पाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय करायचं ते तिनं लिहून दिलंय. दरसाल तपासायचं. करू की." महादेवी बाहेर आली ती भिंतीला टेकलीच. तिच्यात नव्हतं. म्हणजे तिच्या लेकीलाही तिच्याकडून जाणार नव्हतं.

शेवटी शांतव्वा बाहेर आली. सगळे उभे राहिले.

"माझ्यात हाय," तिनं सांगितलं. "पुढच्या सोमवारी छातीचा फोटो काढायला बोलावलंय. तुझं काय, महादेवी?"

"न्हाई, अव्वा. माझ्यात न्हाई."

शांतव्वानं दोन्ही हातांनी लेकीचे गाल धरले. "माझ्यात हाय आणि तुझ्यात न्हाई? म्हंजे माझ्यापाशी थांबलं?"

"तुमच्या लेकीच्या बाजूनं थांबलं, आज्जी," दारात उभी मुबशिरा म्हणाली.

"थांबलं!" शांतव्वा ओरडली. दवाखान्यातली माणसं वळून बघू लागली. मगदूमांचा आवाज खरा कुणाकडून आलाय ते रुद्राप्पाला त्या दिवशी नीट कळलं. "अंबू, ऐकलंस का? थांबलं! चल. काय तरी गोड खायाचं."

"साखर वाढंल तुमची."

"वाढूंदे आज."

ती अंबूबाईचा दंड धरून जिना उतरली आणि पहिल्याच आइस्क्रीमच्या दुकानात शिरली. सगळ्यांसाठी मोठे ग्लास मागवले, वर फळं, वर चेरी. शेजारच्या टेबलावर परगावचं दिसणारं एक जोडपं बसलं होतं. शांतव्वानं पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांच्याकडं वळली.

"पावणं, कॅन्सरचं जनुक हाय आमच्या घराण्यात," ती म्हणाली. "आमच्या अप्पांकडनं आलंय. मला हाय. माझ्या लेकीला न्हाई."

तो माणूस गडबडून म्हणाला, "अभिनंदन, आज्जी."

"व्हय की," शांतव्वा म्हणाली, आणि अंबूबाईच्या ग्लासातली चेरी उचलून खाल्ली.